चाळीस दुपट्टे आणि पाऊल चुकवणारी मोटर

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. रविवार पेठेत माल घ्यावा, छपाईला द्यावा आणि तयार दुपट्टे, ड्रेस मटेरियल दुकानदारांना पोहोचवावे, असा आमचा शिरस्ता. छपाईचे लाकडी ठसे पूर्वी आम्ही गांधीनगरजवळच्या पेथापूरहून मागवत असू. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. परंतु नवीन नक्षीचा ठसा हातात पडायला महिना-दीड महिना लागे, आणि ईदचा बाजार कुणासाठी थांबत नाही. म्हणून आमच्या पुतण्याने घरीच लहानशी सीएनसी मशीन जोडून ठसे कोरायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. त्या मशीनने पुढे आमचे नुकसान केले, आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्या हातून एका कारागिरावर अन्याय घडवला. लाकूडकाम, अक्रिलिकचे बोर्ड, भरतकामाचे साचे करणारे आपले पुष्कळ बंधू आता अशा मशिनी घेत आहेत. त्यांच्या माहितीसाठी ही हकीकत सविस्तर देत आहोत.

मशीन कोंढव्यात, पुतण्याच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत आहे. ॲल्युमिनियमची चौकट, तीन दिशांना सरकण्यासाठी तीन मोटरी, मोटरीला जोडलेले लांब स्क्रू आणि लाकूड कोरणारा स्पिंडल. इलेक्ट्रॉनिक सामान तापकीर गल्लीतून आले, बेअरिंग व नट-बोल्ट बोहरी आळीतून, शिसवीचे तुकडे टिंबर मार्केटमधून. मशीनचे डोके म्हणजे आर्डुइनो नावाची तळहाताएवढी पाटी आणि त्यात जीआरबीएल नावाचा प्रोग्राम. हा प्रोग्राम नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ साली जगासाठी मोफत खुला केला. आकड्यांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेने दाखवली, तेव्हा तिचा कंट्रोल मशीनपेक्षा मोठा होता. पुढे २००२ साली त्याच एमआयटीच्या सहकार्याने आपल्या जिल्ह्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात, फॅब लॅब सुरू झाली आणि संगणकावर चालणारी अवजारे खेड्यातल्या मुलांच्या हाती आली. आता ती घराच्या गच्चीपर्यंत पोहोचली आहेत.

छपाईचे काम न जाणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. तीन रंगांच्या नक्षीला तीन ठसे लागतात. रेघेचा ठसा तो रेख, जमिनीचा तो गद आणि आतल्या भरणीचा तो दत्ता. तिन्ही एकावर एक अचूक बसले पाहिजेत. ठसा सबंधच थोडा सरकलेला असेल तर छापणारा हाताने सावरून घेतो. पण ठशाच्या आतच नक्षी सरकली असेल तर उस्तादाचाही इलाज चालत नाही.

आमचे नेमके तेच झाले. रमजानच्या आधी कोयरीच्या नक्षीचे चाळीस दुपट्टे छापायला दिले होते. काळी रेघ, विटकरी जमीन, पिवळी भरणी. माल आला तो खालच्या ओळीत सुरेख आणि वरच्या ओळीत पिवळा रंग रेघेबाहेर. दुकानदाराने सगळा माल परत केला. आम्ही रागाच्या भरात छपाईवाल्या उस्तादांकडे गेलो आणि त्यांच्या मजुरीतून नुकसान कापून घेतले. उस्ताद साठीच्या पुढचे. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "सेठ, हात वाकडा पडला असता तर प्रत्येक दुपट्टा वेगळा वाकडा आला असता. हे चाळीसही सारखेच वाकडे आहेत."

हे बोलणे आम्ही त्या दिवशी कानाआड केले. मशीनवर पुतण्याचा आणि आमचा इतका विश्वास होता की संशय माणसावरच गेला. दोन आठवड्यांनी पुतण्याने तोच दत्ता पुन्हा कोरला. रेख आणि नवा दत्ता कागदावर एकावर एक छापून पाहिले तर या वेळी वरची ओळ बरोबर आणि मधली चुकलेली. फाइल तीच, लाकूड तेच, चूक मात्र दुसऱ्या जागी. तेव्हा आमचे डोळे उघडले.

आता मशीनची बाजू पाहू. या मशिनीतल्या मोटरला स्टेपर म्हणतात. ती इतर मोटरींसारखी सरळ फिरत नाही, पावलापावलाने फिरते. एका फेरीत २०० पावले, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर आमच्याकडे प्रत्येक पावलाचे १६ बारीक भाग करतो, म्हणजे एका फेरीला ३,२०० भाग. आमचा स्क्रू एका फेरीत ८ मिलिमीटर सरकवतो. भागाकार केला की एका मिलिमीटरला ४०० भाग येतात. प्रोग्राम इतकेच जाणतो. दहा मिलिमीटर जायचे असेल तर तो ४,००० हुकूम सोडतो आणि दहा मिलिमीटर झाले असे धरून पुढे जातो.

व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हा असा मुनीम आहे, जो माल पाठवल्याबरोबर पोहोचला म्हणून वहीत लिहितो आणि पोच कधीच मागत नाही. गाडी वाटेत अडकली तरी वही बरोबर. मोटर जोर कमी पडून क्षणभर अडली, की तेवढी पावले बुडाली, आणि पुढचे सगळे काम तितकेच सरकून होत राहते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या मोठ्या मशिनींत सर्वो मोटर असते. तिच्या मागे बसवलेला एन्कोडर दर क्षणी पोच परत पाठवतो, फरक पडला तर मशीन स्वतः थांबते. पोच देणाऱ्या स्टेपर मोटरीही आता मिळतात, पण त्या महाग आहेत. घरगुती मशिनीत बहुधा नसतात.

इथे आम्ही जी चूक केली ती वाचकांनी करू नये. काही मोजण्याआधीच आम्ही सामान बदलत सुटलो. कुणी सांगितले नट ढिला झाला असेल, म्हणून नवा नट आणला. पैसे गेले, फरक शून्य. कुणी सांगितले मोटरला करंट कमी पडतो, वाढवा. पुतण्याने ड्रायव्हरवरचा बारीक स्क्रू फिरवून करंट वाढवला, तर चूक उलट वाढली. का वाढली ते पुढे येईल.

अखेर पुतण्याच्या ओळखीच्या एका टूलरूम फिटरने रीत लावून दिली. त्याने आधी बोहरी आळीतून एक डायल गेज मागवले. मशीनच्या टेबलाला डायल टेकवून काटा शून्यावर आणायचा, मशीन चालवायची, पुन्हा त्याच जागी परत बोलवायची आणि काटा वाचायचा. तो म्हणाला, "चूक किती आहे यापेक्षा चूक कशी आहे ते आधी पाहा." हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

चूक कशी आहे म्हणजे काय? समजा १०० मिलिमीटरला ९९.२ येतात आणि ५० ला ४९.६. अंतर वाढेल तशी त्याच प्रमाणात चूक वाढते. तर पावले बुडालेली नाहीत, प्रोग्रामात दर मिलिमीटरचा आकडा चुकीचा भरला आहे. तो सुधारला की झाले. चूक फक्त दिशा बदलताना दिसते, दर वेळी तेवढीच, आणि साचत जात नाही, तर तो नट-स्क्रूमधला प्ले आहे. चूक कधी इतकी, कधी तितकी, कशाच्याच पटीत बसत नाही, तर मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू घसरत असण्याचा संशय घ्यावा. स्क्रूवर आणि कपलिंगवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला.

आणि खरोखर पावले बुडाली असतील तर त्याची खूण वेगळीच आहे. स्टेपर मोटर अडली की ती मनाला येईल तिथे थांबत नाही. तिच्या आतल्या चुंबकांची रचना दर चार पूर्ण पावलांनी पुन्हा तीच येते, म्हणून ती चारच्या पटीत घसरते. आमच्या स्क्रूवर एक पूर्ण पाऊल ०.०४ मिलिमीटर, चार पावले ०.१६. आम्ही डायल वाचत गेलो तो ०.१६, ०.३२, पुन्हा ०.१६. मग खराब झालेला पहिला ठसा काढून मोजला. फरक ०.८, म्हणजे ०.१६ ची बरोबर पाच पट. हिशेब इतका चोख जुळलेला पाहून आम्हाला दुकानाच्या ताळेबंदाची आठवण झाली.

पावलेच बुडतात हे ठरल्यावर, कुठे बुडतात ते शोधायचे. त्यासाठी तीच फाइल बिट न लावता हवेत चालवायची. हवेत चूक येत नसेल आणि लाकडात येत असेल तर कापण्याचा भार जास्त आहे. हवेतही येत असेल तर दोष वेग, करंट, वायर किंवा यंत्राच्या अडखळण्यात आहे. आम्ही हवेत चालवले. पहिली वीस मिनिटे काटा शून्यावर, त्यानंतर घसरायला सुरुवात. फिटरने ड्रायव्हरच्या डबीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

वर पत्रा, एप्रिलचे ऊन, आणि ड्रायव्हर बंद प्लॅस्टिकच्या डबीत. आमचे ड्रायव्हर ए ४९८८ जातीचे आहेत. हीट सिंक आणि हवा नसेल तर एक अँपिअरच्या आसपास ते तापू लागतात, आणि फार तापले की जळू नये म्हणून स्वतःच क्षणभर बंद पडतात. त्या क्षणी मोटर मोकळी सुटते आणि वही मात्र पुढे लिहिली जाते. आम्ही करंट वाढवला तेव्हा चूक का वाढली ते आता कळले. डबीचे झाकण काढले, लहान पंखा लावला, हीट सिंक चिकटवले आणि करंट खाली आणला. करंट मल्टिमीटरने लावावा, अंदाजाने नाही. ड्रायव्हरवरच्या बारीक रेझिस्टरवर आर १०० लिहिले असेल तर एक अँपिअरला ०.८ व्होल्ट, आर ०५० असेल तर ०.४ व्होल्ट. पाटी विकणारा हे सांगत नाही. आणखी एक खबरदारी: वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जागीच जातो. आमचा एक असाच गेला.

दुसरे कारण आमच्याच घाईचे निघाले. ईदची ऑर्डर लवकर संपावी म्हणून पुतण्याने प्रवेग चौपट केला होता. जीआरबीएलमध्ये १२०, १२१, १२२ या क्रमांकांच्या सेटिंगमध्ये प्रवेग आणि ११०, १११, ११२ मध्ये कमाल वेग भरतात. स्टेपर मोटरचा जोर वेग वाढेल तसा कमी होत जातो. हातगाडीवाला भरली गाडी एकदम पळवत नाही, आधी हळू रेटतो, हे आपण रोज बाजारात पाहतो. कोयरीच्या नक्षीत वळणे शेकडो, आणि प्रत्येक वळणाला जड चौकट थांबवून उलटी पळवायची. प्रवेग निम्म्यावर आणला तर पूर्ण ठशाला फक्त काही मिनिटे जास्त लागली. एवढ्या मिनिटांसाठी चाळीस दुपट्टे गेले होते.

एवढे झाल्यावर हवेत काटा तासभर शून्यावर राहिला, पण शिसवीत एकदा ०.१६ निघालेच. बिट बोथट झाली होती आणि एका फेरीत तीन मिलिमीटर खोल कापण्याचा हट्ट होता. नवी बिट, एका फेरीत एक मिलिमीटर. वीज बंद करून स्क्रू हाताने फिरवला तर एका टोकाला जड लागत होता. भुसा साचला होता, तो ब्रशने काढला. फिटरची अट एकच होती, एका वेळी एकच बदल करायचा आणि डायलचा आकडा वहीत लिहायचा. पुतण्याला हे कंटाळवाणे वाटले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजीतली ती सेटिंग आम्हाला वाचता येत नाहीत, पण वही लिहिणे येते. म्हणून वही आमच्याकडे होती.

या सगळ्याला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी आम्ही कापलेली मजुरी घेऊन उस्तादांकडे गेलो आणि दोष मशीनचा होता हे त्यांच्या कारागिरांसमोर सांगितले. उस्तादांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि चहा मागवला. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

आता प्रत्येक ठसा कोरून झाला की मशीन आरंभाच्या जागी परत बोलवली जाते आणि काटा वाचल्याशिवाय लाकूड टेबलावरून उचलले जात नाही. गेल्या महिन्यात सहा ठशांचा नवा जोड झाला. सहाही वेळा काटा शून्यावर आला आणि आम्ही वही उस्तादांना दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली, कागद पसरला, रेख छापला, त्यावर दत्ता छापला, चष्मा कपाळावर सारून वरची ओळ बघितली, मधली बघितली, आणि मगच कापड उलगडायला सांगितले.