सहलीआधी तिथी बघा

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला चारी बाजूंनी पाण्यात दिसतो. ओहोटी चांगली लागली की मधलं पाणी ओसरतं आणि माणसं ओल्या वाळूतून, खडकांतून चालत थेट दरवाजात पोहोचतात. पाणी थोडंफार उरलं असेल तर घोडागाडी आहेच. दोन दिवसांची कोकण सहल आखताना आपण खोली आधी बघतो. मी म्हणेन, आधी तिथी बघा.

कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, पहाट असो की दुपार, उत्तर तेच, कारण भरती दिवसातून दोनदा येते. चंद्राच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं कमी ओढलं जाऊन मागे राहतं, म्हणून फुगवटे दोन. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही पुढे सरकलेला असतो. तो पुन्हा माथ्यावर यायला सुमारे 24 तास 50 मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते. इतकं आकाश एका पाढ्यात बसवणाऱ्याला खरंच दाद द्यायला हवी!

त्याहून गंमत पुढे आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात आणि समुद्राला उधाण येतं. पाणी सर्वांत वर चढतं, तसंच सर्वांत खालीही जातं. अमावास्येचा चंद्र सूर्यासोबतच माध्यान्ही येतो, पौर्णिमेचा मध्यरात्री. म्हणून एखाद्या गावी उधाणाच्या भरतीचं घड्याळही जवळपास ठरलेलं असतं. अलिबागला ती बाराच्या आसपास, म्हणजे मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. उलट अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, पण ती भांगाची. पाणी फारसं मागे हटतच नाही. सोयीची वेळ पाहून गेलेला माणूस नेमका फसतो.

म्हणून पावसाळा सोडून तृतीया आणि चतुर्थी धरा. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी उजेडात येते. तृतीयेला सकाळी सातलाच कुलाबा किल्ल्याकडे निघायचं, आठच्या ओहोटीला आत. मग मुरूडकडे. दुपारी सव्वादोनच्या भरतीला राजपुरीहून जंजिऱ्याची होडी. मराठ्यांना कधीच न मिळालेल्या या किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. संध्याकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, तिथून श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर. चतुर्थीला पावणेनऊच्या ओहोटीला देवळामागची प्रदक्षिणा. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी तेव्हाच निवांत पाहता येते. भरतीत त्या वाटेला उतरणं जिवावर बेततं.

पाऊणपट हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पडताळा आणि किल्ल्याकडे ओहोटीच्या तासभर आधी निघा. पाणी फिरल्यावर आत रेंगाळलात तर मुक्काम किल्ल्यातच, निदान पुढच्या ओहोटीपर्यंत.