पाण्याच्या खोलीतली मैफल

गेल्या श्रावणात बोरी नदी भरल्याची बातमी आली, तशी आम्ही भिशीच्या मैत्रिणींनी नळदुर्ग गाठलं. सोबत शेजारच्या काकू होत्या आणि पुण्यात व्हायोलिन शिकणारी माझी भाची. किल्ल्यातला नर-मादी धबधबा आपल्याकडे दरवर्षी पडतोच असं नाही. त्यामुळे पडला की सगळा धाराशिव जिल्हा तिकडे धावतो!

बोरीच्या पात्रात बांधलेल्या त्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. वरून पाणी कोसळत असतं आणि आपण आत कोरड्या खोलीत उभं राहून झरोक्यातून ते बघतो. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास हा महाल बांधला गेला. हा राजा संगीताचा वेडा. त्याने दख्खनी भाषेत ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ लिहिला, त्यात सरस्वतीला वंदन केलं. आपल्या तंबोऱ्याला त्याने चक्क ‘मोती खान’ असं नाव दिलं होतं. अशा माणसाच्या राज्यात पाण्याचा आवाज ऐकायला खोली बांधली गेली, यात नवल ते काय?

भाची म्हणाली, ‘‘मावशी, ही तर खरी चेंबर म्युझिकची जागा!’’ चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहात नव्हे, तर घरातल्या दालनात चार माणसांपुढे वाजवायचं संगीत. पाणी महाल नवा होता, त्याच सुमारास युरोपात बरोक नावाची संगीताची शैली सुरू झाली. साधारण 1600 ते 1750 हा तिचा काळ. त्यात तिघांची बैठक फार लोकप्रिय होती. एक व्हायोलिन किंवा बासरी, एक खर्जातलं तंतुवाद्य आणि एक हार्प्सिकॉर्ड. हे वाद्य पेटीसारखं पट्ट्या दाबून वाजवतात, पण आतल्या तारा छेडल्या जातात. आपल्या गोंधळ्यांचं नाही का, संबळ, तुणतुणं आणि झांज? एवढ्यावर रात्र जागते!

डबे खायला झाडाखाली बसलो, तेव्हा भाचीने मोबाइलवर असं एक त्रिकूट लावलं. ऑस्ट्रियात काम केलेल्या बीबर यांच्या नावावरची, 1669 च्या सुमाराची ही रचना. काकू आधी दुसरीकडेच बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘बया, ह्यो तर बेडूक वरडायलाय की!’’

खरंच बेडूक होता. मग कोकीळ, कोंबडी आणि मांजरसुद्धा! गज तारेवर भरभर थरथरवला की पाखरू बोलतं, दोन सूर घासून वाजवले की बेडूक. तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाचा बेडूक आमच्या काकूंनी न सांगता ओळखला. संगीत कळायला आणखी काय लागतं?

भाचीला चेव आला. तिने विवाल्डी या इटालियन संगीतकाराचे ‘चार ऋतू’ लावले. 1725 मध्ये छापलेल्या या चार रचना. यात वाद्यं तिघांपेक्षा जास्त असतात. प्रत्येक ऋतूसोबत एक कविताही छापलेली आहे. वसंतात पाखरं आणि झरा. हिवाळ्यात बाहेर पाऊस, आत शेकोटी. तिथं तारा बोटांनी छेडून थेंब वाजवलेत. आणि उन्हाळ्यात? आधी मरगळ, माश्यांची भुणभुण, मग गडगडाट आणि गारपीट. उभं पीक आडवं होतं.

हे सांगितल्यावर काकूंचा घास हातातच राहिला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आपल्यापैकी कोण विसरेल? काकूंचा काढायला आलेला हरभरा तेव्हा मातीत गेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘त्या बाबाचं बी शेत होतं का गं?’’

शेत नव्हतं. विवाल्डी पाद्री होता आणि 1703 पासून व्हेनिसमधल्या एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवत होता. या मुली इतक्या तयार होत्या की त्यांना ऐकायला परदेशातून लोक येत. मात्र त्या वाजवायच्या जाळीच्या आडून. लोकांना सूर ऐकू यायचे, चेहरा नाही. अनाथ असल्याने आडनावही नसायचं, म्हणून वाद्यच आडनाव व्हायचं. ‘व्हायोलिनची अ‍ॅना मारिया’ अशी एक प्रसिद्ध वादक होती. विवाल्डीने खास तिच्यासाठी रचना केल्या. पण लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला पुढे जाहीरपणे वाजवता येत नसे.

हे ऐकलं आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. माहेरून आणलेली माझी पेटी वीस वर्षं माळ्यावर आहे. कुणी वाजवू नको म्हटलं नव्हतं. पण ‘वाजव’ असंही कुणी म्हटलं नाही, आणि मीही ती कधी खाली काढली नाही.

‘‘काकू, तुम्ही जात्यावर ओव्या म्हणायच्या ना?’’ मी विचारलं. ‘‘म्हणायची की. गावात गिरणी आली, जातं परसात गेलं. आता कुणापुढं म्हणू?’’ आणि मग कुणी आग्रह न करता त्यांनी ओवी धरली. त्यात भरून आलेलं आभाळ होतं, ज्वारीचं कणीस होतं, पावसाला भावासारखी घातलेली हाक होती. तिथे जातं नव्हतं, पण काकूंचा हात गोल फिरत होता. आमच्या सगळ्यांचं बोलणं थांबलं.

विवाल्डी 1741 मध्ये गेला आणि जवळजवळ दोनशे वर्षं विस्मरणात राहिला. 1926 मध्ये त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, म्हणून तो परत ऐकू आला. काकूंच्या ओव्यांचा गठ्ठा कुठे आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, बायकांच्या नावागावांसह नोंदवल्या. केवढं मोठं काम! तरी प्रत्येक घरातली आजी त्यात असणार नाही. तिच्यापर्यंत आपणच जायला हवं.

घरी आल्यावर मी पेटी खाली काढली. भाता उंदराने कुरतडला होता, तो दुरुस्त करून घेतला. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. व्हायोलिन, पेटी आणि काकूंची ओवी. सूर दोनदा चुकले, हसू अनेकदा आलं. काकूंनी म्हटलेलं सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कुणीतरी जाळीआड गात राहिलेली असेल. येत्या रविवारी तिच्याजवळ बसा, मोबाइल सुरू करा आणि फक्त म्हणा, ‘‘म्हण ना गं!’’