मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर : आधी तपासणी, मग खर्च



गटात लागणीची पाहणी करताना हल्ली उसाचे बोलणे संपले की मोटारीचे निघते. "साहेब, इंजिनाचा पिवळा दिवा लागतोय, ॲव्हरेज पडलंय. तुमच्या इथेनॉलनंच झालं बघा!" इथेनॉल आपल्याच उसाचे, तेव्हा या तक्रारीचा खुलासा करणे भाग आहे.

सेन्सर करतो काय? गुऱ्हाळात जाळ घालणाऱ्याचे लक्ष धुराड्याकडे असते. धूर काळा झाला की तो चिपाड बेताने टाकतो. मोटारीत हेच काम ऑक्सिजन सेन्सर करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो संगणकाला कळवितो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त सोडतो. १९७६ साली बॉश कंपनीचा असा सेन्सर व्होल्वो मोटारीत प्रथम बसला. आज चारचाकीला बहुधा दोन असतात : एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर. एप्रिल २०२० मध्ये बी.एस.-६ नियम आल्यापासून मोटारसायकलींनाही तो सर्रास दिसतो.

आता इथेनॉलचा हिशेब. एक लिटर इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी. म्हणजे २० टक्के मिश्रणात घट ६ ते ७ टक्के. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १५ वर आली, तर ते इथेनॉलचे. आम्ही नाकारत नाही. पण ती ११ वर आली, सायलेन्सरला काळी काजळी धरली, पेट्रोलचा वास येऊ लागला किंवा खंबाटकी चढताना गाडी दम टाकू लागली, तर दोष दुसरीकडे शोधावा.

तपासणी या क्रमाने करावी :

१) दिवा कोणता पार्ट बिघडला ते सांगत नाही. मेस्त्रीकडून स्कॅनर लावून कोड कागदावर लिहून घ्यावा. पी-०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरची तक्रार. पी-०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हा दुसरा कोड आला म्हणून सेन्सर बदलणे म्हणजे पान पिवळे दिसले की युरिया टाकणे! सेन्सर खरेच सांगत असेल. हवेची नळी फाटलेली किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

२) इंजिन थंड असताना वायर पाहावी. शेडात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, कधी ती सायलेन्सरला चिकटून वितळते. फ्यूज आणि जोडणीतला चिखल-पाणीही बघावे.

३) सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. आधी ती गळती बंद करावी.

४) साध्या प्रकारच्या पहिल्या सेन्सरचा व्होल्ट गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा वर-खाली होतो. तो एकाच जागी थांबला असेल तर ॲक्सिलरेटर झटक्याने दाबावा, आकडा वर गेला पाहिजे. हवेची एखादी बारीक नळी काढावी, खाली आला पाहिजे. दोन्ही वेळा हलला नाही आणि वायर ठीक आहे, तरच सेन्सर गेला समजावे. काही नव्या गाड्यांचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत, कंपनीचे पुस्तक पाहावे.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. गंजलेल्या आट्यावर गंज सोडविणारे तेल टाकून थांबावे. सायलेन्सर हाताला सोसेल इतका निवू द्यावा. वायरीसाठी खाच असलेला सेन्सरचाच पाना वापरावा, नाहीतर आटे जातात. नवा सेन्सर त्याच पार्ट नंबरचा घ्यावा. टोकाला तेल, ग्रीस किंवा बोट लावू नये, खाली पाडू नये. पहिले आटे हाताने बसवून मग पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावे. आसपास साधा सिलिकॉन लावू नये, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. शेवटी कोड पुसून गाडी चालवून पुन्हा तपासावी.

नवा सेन्सर थोड्याच दिवसांत गेला, तर इंजिन ऑईल जाळते काय किंवा कूलंट आत येते काय ते पाहावे. "दिव्याची वायरच तोडून टाकू" असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. जादा पेट्रोल जाऊन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

कराड असो की मिरज, मेस्त्रीकडे गेल्यावर सभासदांनी आधी एवढेच विचारावे : "कोड काय आला, आणि वायर बघितली का?" बिल कमी होईल, आणि आपल्या उसाच्या मालाला विनाकारण बोल लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी