माथ्यावरची दलदल

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल आणि थर्लमियर यांच्यामध्ये एक लांब डोंगरधार आहे. तिथले डोंगर ‘फेल’ म्हणवतात. हा शब्द नॉर्स वसाहतवाल्यांच्या भाषेतून आलेला. या धारेवरच्या हाय सीट (६०८ मीटर) आणि हाय टोव्ह (५१५ मीटर) या माथ्यांकडे फारसे कुणी फिरकत नाही. कारण उघड आहे: चिखल. पण मला कोडे पडले ते वेगळेच. दलदल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सखल जागा येते. इथे ती माथ्यावर कशी?

नुसत्या पावसाने हे होत नाही. जवळच्या सीथवेटला वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक. पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, मग ऊन सगळे वाळवते. तिथला बाराही महिने ठिबकतो, आणि थंडीमुळे वाफ फारशी होत नाही. अशा जागी स्फॅग्नम नावाचे शेवाळ फोफावते. त्याला मुळे नसतात. पानांतल्या मृत, पोकळ पेशी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतात. शिवाय ते भोवतालचे पाणी आंबट करते, त्यामुळे खालचा मेलेला भाग नीट कुजत नाही. त्याचाच थर म्हणजे पीट. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. गुडघाभर पीटमध्ये पाय रुतला, की आपण साधारण पाचशे वर्षे खाली गेलेलो असतो!

धुक्यात ही वनस्पतीच वाट सांगते. हीदरची तपकिरी झुडपे दिसली तर जमीन त्यातल्या त्यात कोरडी. कापूसगवताचे पांढरे गोंडे म्हणजे ओल. आणि गालिचासारखी लुसलुशीत पोपटी हिरवळ दिसली, तर तिथे पाऊल टाकू नये. ती पाण्यावर तरंगत असू शकते. या धारेवर तारेचे एक कुंपणही आहे. होकायंत्र हातात असले तरी वाऱ्यापावसात मला त्याचाच आधार वाटला. मात्र ओल चुकवायला वळसा घेताना ते नजरेआड होऊ देऊ नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये वेळेचा हिशेब मांडला: तीन मैलांना एक तास, दोन हजार फूट चढाला आणखी एक. दलदलीत तो कोलमडतो. उशीर होतो, कपडे भिजलेले, वारा सुटलेला. पारा शून्याच्या बराच वर असतानाही शरीर धोकादायक गारठते.

वळशांचा दुसरा तोटा शेवाळाला होतो. चिखल टाळत प्रत्येकजण बाजूने गेला की वाट रुंदावते आणि तुडवलेले स्फॅग्नम मरते. म्हणून मी घोटाभर पाण्यातून सरळ जातो. अर्थात माणसाने याहून मोठे घाव घातले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर चराईसाठी ब्रिटनच्या डोंगरांवर सरकारी अनुदानाने चर खणले गेले. पीट वाळले, हवा लागताच कुजू लागले आणि शतकानुशतके साठलेला कार्बन सुटू लागला. आता अनेक ठिकाणी तेच चर लाकडाचे, दगडांचे, कुठे पीटचेच बांध घालून बुजवले जात आहेत, म्हणजे पाणी पुन्हा माथ्यावर थांबेल.