विल्यमसनचा कॅमेरा

मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या थांब्यावर बसची वाट बघताना शेजारच्या एका पोराला मी मोबाइलवर मिनिटभराची फिल्म दाखवली. फोटो काढू नका म्हणून एक गृहस्थ तावातावाने कॅमेऱ्याकडे चालत येतो. चेहरा मोठा होत जातो आणि शेवटी पडद्यावर उरतं ते नुसतं उघडं तोंड. कॅमेरा गडप, कॅमेरावालाही गडप! मग स्वारी मिटक्या मारत मागे सरकते. पोरगं खळखळून हसलं. फिल्म १९०१ची आहे म्हटल्यावर त्याने ती पुन्हा लावली.

‘द बिग स्वॉलो’ हे तिचं नाव, आणि दिग्दर्शक जेम्स विल्यमसन. १८५५ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या माणसाचं ब्रायटनजवळ होव्ह गावात औषधांचं दुकान होतं. फोटोग्राफीच्या नादातून तो सिनेमाकडे आला. त्याच १९०१ सालची ‘फायर!’ तर जरूर बघा. फक्त पाच दृश्यं. जळतं घर, बंबाचं ठाणं, घोडे जुंपून भरधाव निघालेले बंब. मग खोलीच्या आत धुरात कोंडलेला माणूस, त्याला खांद्यावर टाकून खिडकीकडे निघालेला जवान, आणि लगेच बाहेरून तीच खिडकी. आतली हालचाल बाहेर पुरी होते. आज मालिकांमध्येही आपण हे सहज बघतो. तेव्हा ते कुणीतरी पहिल्यांदा जुळवून बघायचं होतं.

१९१०च्या सुमारास विल्यमसनने कथापट सोडले आणि तो सिनेमाची यंत्रं बनवण्याकडे वळला. आपला त्याच्याशी संबंध येतो तो इथे.

१९१२च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ या दिग्दर्शकाचा स्टुडिओ त्यांनी पाहिला आणि ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. लाकडी पेटी, बाजूला हाताने फिरवायचा दांडा. दांडा एका लयीत फिरला नाही तर पडद्यावर माणसं धावू लागायची, म्हणजे कॅमेरामनचं मनगट हीच मोटार! कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकंही घरीच पाडावी लागत. रात्री अंधारात बसून ते किचकट काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. माझ्या लेखी त्या आपल्या पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञ.

दादासाहेबांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. तिच्या जोरावर कर्ज मिळालं. मग त्र्यंबक तेलंग कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ घडला. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरला तो लागला.

विल्यमसन १९३३ साली गेला. त्याच्या फिल्म मोठ्याच. पण मला विचाराल तर त्याचं सर्वांत दूरवर पोचलेलं काम म्हणजे ही पेटी. मीरा रोडहून लोकलने दादरला उतरून कधी दादासाहेब फाळके मार्गावरून गेलात, तर होव्हच्या त्या औषधवाल्याचीही आठवण काढा.