मॉरिशसची आर्थिक वृद्धी आणि निर्यात : एक अभ्यास

प्रस्तावना

लहान बेटांच्या अर्थव्यवस्थेत देशांतर्गत बाजारपेठ मर्यादित असते. त्यामुळे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ निर्यातीशिवाय मिळत नाहीत. अन्नधान्य, इंधन व यंत्रे यांच्या आयातीसाठी लागणारे परकीय चलनही निर्यातीतूनच मिळवावे लागते. सुमारे २,०४० चौ. कि.मी. क्षेत्रफळाचे मॉरिशस हे याचे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर ज्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्याच उसावर या देशाची निर्यात दीर्घकाळ उभी होती. प्रस्तुत लेखात या निर्यातवाढीची कारणे व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

साखरेकडून तयार कपड्यांकडे

१९६१ च्या अहवालात अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या व एकाच पिकावरील अवलंबन यांमुळे मॉरिशसच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त केली होती. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीत साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कच्चा माल व यंत्रे यांच्या आयातशुल्कात आणि करांत सवलती मिळाल्या. १९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदीमुळे सुमारे ५ लाख टन साखरेला युरोपात हमी भाव मिळाला. हा भाव बहुतेक वर्षी जागतिक भावापेक्षा अधिक असे. त्यातून मळेवाल्यांच्या हाती आलेल्या नफ्याचा काही भाग वस्त्रोद्योगात गुंतविला गेला. वस्त्रनिर्यातीच्या कोट्यांमुळे हाँगकाँगचे भांडवलही आले. स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर रोजगार मिळाला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले.

निर्यातीच्या मर्यादा

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. कापड व सूत आयात करून शिवलेल्या कपड्यांच्या निर्यातमूल्यातून आयातीचा खर्च वजा केल्याखेरीज देशाची खरी प्राप्ती समजत नाही. शिवाय ही निर्यात सवलतीच्या बाजारप्रवेशावर आधारलेली होती. १ जानेवारी २००५ रोजी वस्त्रकोटे संपुष्टात आले. २००६ पासून चार वर्षांत युरोपातील साखरेचा हमी भाव ३६ टक्क्यांनी उतरला. अनेक कामगारांचा रोजगार गेला. साखर कारखान्यांची संख्या घटवून शुभ्र साखर व बगॅसपासून वीजनिर्मिती यांवर भर देण्यात आला. पर्यटन व वित्तीय सेवांचे महत्त्व वाढले. तथापि, २०२० मध्ये महामारीमुळे पर्यटन थांबताच स्थूल देशांतर्गत उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जागतिक बँकेने जुलै २०२० मध्ये दिलेला उच्च उत्पन्न गटाचा दर्जाही पुढील वर्षी गेला.

निष्कर्ष

निर्यात वाढली म्हणजे अर्थव्यवस्था स्थिर झाली, असे मानता येत नाही. मॉरिशसने सवलतीच्या काळातील उत्पन्न नव्या उद्योगांत व शिक्षणात गुंतविले, हे त्याच्या वृद्धीचे प्रमुख कारण होय. मात्र निर्यातीतील वस्तू बदलली तरी बाह्य मागणीवरील अवलंबन कायम राहिले. म्हणून लहान अर्थव्यवस्थेचे मूल्यमापन करताना निर्यातीच्या आकारमानाबरोबर तिचे वैविध्य, निव्वळ मूल्यवृद्धी आणि रोजगाराची शाश्वती यांचाही विचार होणे आवश्यक आहे.