चिमूटभर ओवा

दिवाळीची शेव करताना जाणती बाई पिठात अख्खा ओवा टाकत नाही. दाणे सोऱ्याच्या चकतीतल्या भोकांत अडकतात आणि शेव तुटत राहते. म्हणून ओवा कुटायचा, पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्या पाण्याने पीठ मळायचे. दाणा मागे राहतो, गुण पिठात उतरतो.

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. इथल्या ताटात बाजरी, ज्वारी आणि हुलगे. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ आणि ओवा घालून तळव्यांवर वळलेले शेंगोळे उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडले की घरभर वास सुटतो. कडधान्य पचायला जड, म्हणून सोबतीला ओवा. हे शहाणपण घरात कुणी लिहून ठेवले नाही, ते हातांनी हातांना दिले.

ओवा दिसायला बी. शास्त्राच्या भाषेत ते कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातले बारीक, शिरदार फळ. त्यातल्या सूक्ष्म नलिकांत तेल असते. दाणा चावला की जीभ चुरचुरते आणि किंचित बधिर होते, ते या तेलातल्या थायमॉलमुळे. बाजारात त्याला ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. अंगणातल्या कुंडीतला, भजी करायचा पानओवा मात्र वेगळीच वनस्पती.

अहिल्यानगर शहरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेदाच्या पदवीला द्रव्यगुण हा विषय असतो आणि त्यात ओवा ‘यवानी’ म्हणून भेटतो. चरकसंहितेत अरुचीवर यवानीषाडव चूर्ण सांगितले आहे. भावप्रकाशात यवानी पाचक, तीक्ष्ण आणि उष्ण आहे. पण तिथेच तिला पित्तकरही म्हटले आहे. भूल दिलेल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात ओव्याच्या अर्काने जठरातल्या आम्लाचा स्राव वाढलेला दिसला. पोट जड झालेल्याला जो दाणा आराम देतो, तोच आम्लपित्ताच्या माणसाची जळजळ वाढवू शकतो.

या दाण्याने जगही पाहिले आहे. 1914 पूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. महायुद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा भारतातही थायमॉल काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 पासून अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम चालली, तिचे मुख्य औषध थायमॉलच होते. पुढे कमी घातक औषधे आली आणि ते मागे पडले, कारण कृमी मारणारी मात्रा माणसालाही बाधू शकत होती.

घरगुती अमृतधारेत हीच ताकद डोळ्यांनी दिसते. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल (मेन्थॉल) आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र करा. पाण्याचा थेंब न घालता ते आपोआप पातळ होतात. हा अर्क तीव्र असतो, म्हणूनच अमृतधारा थेंबांनी मोजायची, चमच्याने नव्हे. लहान मुलांच्या हाताशी तर ती ठेवूच नये.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून शेक-धुरी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामागची माया खरी आहे. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू आई आणि तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतो. जेवणानंतर बाळंतिणीला भाजलेला ओवा-बाळंतशेपा द्यावा. शेगडी मात्र खोलीबाहेरच राहू द्यावी. आणि पोटदुखी थांबत नसेल, ताप किंवा उलट्या असतील, तर ओव्यावर विसंबून वेळ घालवू नये, डॉक्टर गाठावा.

मला या दाण्याची सगळी विद्या चिमटीत दिसते. आईला विचारले, ‘ओवा किती?’ तर ती म्हणते, ‘चिमूटभर’. आपण तेवढ्यावर थांबतो आणि तिच्यामागे ते माप हरवते. यंदा फराळाला बसताना पुढचेही विचारा: किती पिठाला चिमूट, कुणाच्या पोटाला चालते, कुणाला वर्ज्य? उत्तर वहीत लिहून ठेवा. ओवा कुठल्याही किराणा दुकानात मिळेल. तिची चिमूट मिळणार नाही.